विटका लाल

संपादकांनी फोनवर विषय सुचवला होता तो मुलांच्या चष्म्यांचा आणि मोबाईलचा. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी म्हटलं, मला थायरॉईडच्या डोळ्यांवर लिहू द्या. ते थोडे थबकले. "पण थायरॉईड तर गळ्यात असतो ना, मॅडम?" सुशिक्षित, वाचणाऱ्या माणसाचा हा प्रश्न. दवाखान्यात तो मी दर आठवड्याला ऐकते, आणि एका बाईंच्या बाबतीत तर थायरॉईडबद्दल विचारायचं मीच विसरले होते. त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

माझा दवाखाना गुलमंडीवर, सुपारी हनुमानापासून हाकेच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावर आहे. या बाई जवळच्याच एका साड्यांच्या दुकानात कामाला. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, ती वाचकांना आठवत असेल. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत जायची. ऑगस्टमधल्या अशाच एका संध्याकाळी त्या आल्या. डोळे लाल, पाणी येतं, सकाळी पापण्या सुजलेल्या असतात. मी थेंब लिहून दिले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. साथीच्या डोळ्यांना चिपडं येतात आणि दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप निवळतात. या बाईंना चिपडं येत नव्हती. तसं मी केसपेपरवर लिहिलेलंही आहे, माझ्याच अक्षरात. लिहिलं, पण त्यावर विचार केला नाही.

थेंबांनी बरं वाटलं नाही, तेव्हा कुणीतरी त्यांना थायरॉईड तपासायला सांगितलं. टीएसएच नॉर्मल आला. घरात सगळे निश्चिंत झाले. मार्च २०२४ मध्ये त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या ते एक वाक्य घेऊन: "मॅडम, डाव्या डोळ्याला लाल साडी विटकी दिसते." गिऱ्हाइकाने कुंकवासारखा लाल मागितला आणि त्यांनी डाळिंबी काढून दिला, असं दोनदा झालं होतं. मालक ओरडले. घरी आल्यावर त्यांनी एकेक डोळा झाकून देवघरातल्या लाल वस्त्राकडे पाहिलं आणि त्यांना फरक कळला. इतकी नेमकी तपासणी त्या बाईंनी स्वतःची स्वतः केली होती. माझ्या केसपेपरवर रंगांच्या तपासणीची जागा कोरी होती.

काय झालं होतं ते सांगते. डोळ्याची खोबण म्हणजे हाडाचा कोनाडा, मागे निमुळता आणि फक्त पुढून उघडा. त्यात जागा साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या सहा चमच्यांएवढी. त्यातले सातेक मिलिलिटर डोळा घेतो. उरलेल्या जागेत चरबी, डोळा फिरवणारे सहा स्नायू, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी नस. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. थायरॉईडच्या पेशींवर टीएसएच हा संप्रेरक जिथे चिकटतो, तिथेच ती जाऊन बसतात आणि ग्रंथीला विनाकारण राबवतात. नेमकी तशीच जागा खोबणीतल्या तंतुपेशींवरही असते. (तिच्या जोडीला आयजीएफ-१ या दुसऱ्या घटकाचीही एक जागा असते. ती पुढे औषधाच्या वेळी लागेल, म्हणून नाव सांगून ठेवते.) या पेशी चेतल्या की हायलुरॉनिक आम्ल तयार करतात. ते पाणी धरून ठेवतं, चरबी वाढते, स्नायू फुगतात. स्कॅनमध्ये स्नायूचा मधला भाग गरगरीत आणि टोकाचा कंडरा बारीकच दिसला की आम्हाला निदान जवळजवळ कळतं.

हाड जागा देत नाही, म्हणून डोळा पुढे येतो. लोकांना एवढंच माहीत असतं: थायरॉईडमध्ये डोळे बाहेर येतात. पण ज्यांच्या पापण्या घट्ट असतात त्यांचा डोळा फारसा पुढे सरकत नाही, आणि सगळा दाब मागे, कोनाड्याच्या निमुळत्या टोकाशी, नसेवर येतो. नस चेपली की सर्वांत आधी रंग जातात, त्यातही लाल. बाईंचे डोळे बाहेर आलेले नव्हते. ते आले असते तर ऑगस्टमध्येच मला दिसले असते. नस चेपण्यापर्यंत फार थोडे रुग्ण जातात, शंभरात पाचेक. पण त्या पाचांना उशीर परवडत नाही.

आता 'रिपोर्ट नॉर्मल' या दोन शब्दांबद्दल. यावर मी चिडते, आणि ते लपवणार नाही. टीएसएचची तपासणी ग्रंथी किती काम करते एवढंच सांगते. प्रतिपिंडं आहेत की नाहीत, हे ती सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी असते. डोळ्यांच्या या आजारातल्या दहातल्या साधारण नऊ जणांचा थायरॉईड वाढलेला असतो. उरलेल्यांचा कमी असतो किंवा चक्क नॉर्मल असतो. कित्येकांत डोळे आधी बिघडतात आणि ग्रंथी काही महिन्यांनी. या बाईंचं तसंच झालं: प्रतिपिंडं भरपूर होती, आणि थायरॉईड त्या उन्हाळ्यात वाढला. याच्या उलटही घडतं. गोळ्यांनी थायरॉईड आटोक्यात येतो, डोळे मात्र आपल्या गतीने बिघडत राहतात, आणि रुग्ण म्हणतो, "आता तर माझा थायरॉईड बरा आहे, मॅडम."

दुसरी तक्रार नजरेबद्दलची. निरोगी डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. या आजारात ती वर ओढली जाते आणि बुबुळाच्या वर पांढरं दिसू लागतं. माणूस खाली बघतो तेव्हाही ती मागे रेंगाळते. बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी हे १८६४ मध्ये नोंदवलं. बघणाऱ्याला वाटतं, ही डोळे वटारते आहे. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला 'रागीट दिसते' म्हणून नकार आलेले मला माहीत आहेत. सुनेने सासूकडे रोखून पाहिलं म्हणून घरात महिनाभर अबोला, हेही ऐकलं आहे. पुरुष असेल तर लाल डोळ्यांमुळे पिऊन आल्याचा संशय. बायकांना हा आजार जास्त होतो आणि पुरुषांना झाला तर जास्त तीव्र होतो. तरी दोघांच्याही वाट्याला आधी चारित्र्याची तपासणी येते आणि मग डोळ्यांची. लोक पाण्यालाही दोष देतात: जायकवाडीच्या, बोअरच्या, मिठाच्या. अमेरिकेतही हेच झालं होतं. बार्बरा बुश यांना हा आजार झाला आणि १९९१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांनाही ग्रेव्ह्जचाच आजार निघाला, तेव्हा व्हाइट हाउसच्या पाण्याची तपासणी झाली. पाणी निर्दोष ठरलं.

ग्रेव्ह्ज हे नाव डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांचं. त्यांनी १८३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. १८४० मध्ये जर्मनीत मेर्सेबुर्गच्या बासेडो यांनी गलगंड, धडधड आणि पुढे आलेले डोळे ही त्रयी मांडली. जर्मनीत आजही हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दोघांनीही रुग्णांकडे नुसतं पाहून हे ओळखलं. त्यांच्याकडे एकही रक्ततपासणी नव्हती.

मी रुग्णांना जुना फोटो आणायला सांगते. लग्नाचा अल्बम चालतो, आधार कार्डही चालतं. आजचा चेहरा आणि तो चेहरा शेजारी ठेवला की घरच्यांनाही दिसतं. रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही.

आता मी ज्यावर अनेक बैठकांत वाद घातला आहे, त्या किरणोत्सारी आयोडीनकडे वळते. वाढलेला थायरॉईड आटोक्यात आणायचे मार्ग तीन: गोळ्या, शस्त्रक्रिया आणि आयोडीन-१३१. भारतात या शेवटच्या उपचाराचं मोठं काम मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झालं. ते केंद्र १९६३ पासून आहे. उपचार सोपा: एक डोस घ्यायचा, ग्रंथी हळूहळू निकामी होते. अडचण डोळ्यांची. ग्रंथी मोडते तेव्हा तिचे घटक रक्तात सांडतात आणि प्रतिपिंडं काही महिने उलट वाढतात. इटलीतल्या बार्तालेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसतं आयोडीन दिलेल्या १५० जणांपैकी २३ जणांचे डोळे नव्याने बिघडले किंवा होते त्याहून बिघडले. गोळ्यांवरच्या १४८ पैकी चौघांचे. आणि आयोडीनसोबत स्टिरॉईडच्या गोळ्या दिलेल्या १४५ पैकी एकाचेही नाहीत.

हे आकडे माहीत असूनही डोळे न बघता आयोडीन दिलेले रुग्ण माझ्याकडे येतात. माझे थायरॉईडतज्ज्ञ मित्र म्हणतात, तुम्ही पंधरा टक्क्यांवर बोट ठेवता, पण आमचा रुग्ण जाफराबादहून येतो. गोळ्या वर्ष-दीड वर्ष घ्यायच्या, दर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं, घसा दुखून ताप आला तर पांढऱ्या पेशी पाहायला त्याच दिवशी यायचं, हे त्याला कसं जमणार? तो गोळ्या मध्येच सोडतो आणि हृदय बिघडवून घेतो. या म्हणण्यात तथ्य आहे. वीस वर्षांपूर्वी मी ते मान्य केलं नसतं, आता करते. माझं म्हणणं तेव्हापासून लहान होत होत एवढंच उरलं आहे: आयोडीन द्या, पण आधी डोळे तपासून घ्या. आजार सौम्य आणि सक्रिय असेल तर स्टिरॉईडचं संरक्षण द्या, तीव्र असेल तर दुसरा मार्ग घ्या, रुग्ण सिगारेट-विडी ओढत असेल तर दुप्पट सावध राहा, आणि नंतर थायरॉईड खाली घसरू देऊ नका, कारण त्यानेही डोळे बिघडतात. यासाठी एक चिठ्ठी आणि नेत्रतज्ज्ञाकडे एक फेरी लागते. तेवढ्यासाठी मी अजून भांडते.

या आजाराला वेळापत्रक असतं, हे मात्र प्रत्येक रुग्णाने जाणून घ्यावं. रंडल यांनी १९४० च्या दशकात त्याचा आलेख मांडला: आधी चढ, मग माथा, मग थोडा उतार, आणि शेवटी सपाट रेषा. सक्रिय काळ साधारण सहा महिने ते दोन वर्षं. औषधं चालतात ती मुख्यतः याच काळात. शिरेतून मिथिलप्रेडनिसोलोन, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, एकूण साडेचार ग्रॅम. ते देताना यकृत आणि साखर सांभाळावी लागते, आणि आमच्याकडे मधुमेही काय कमी आहेत! आयजीएफ-१ ची जागा अडवणारं टेप्रोटुमुमॅब हे औषध जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तीन-तीन आठवड्यांनी आठ वेळा द्यायचं. डोळे खरोखर मागे जातात. काहींची श्रवणशक्ती घटते, साखर वाढते. त्याची किंमत माझ्या रुग्णांपुढे उच्चारायचीही सोय नाही. रेषा सपाट झाल्यावर सूज जाते आणि वण उरतो. मग राहते ती शस्त्रक्रिया, आणि तिचा क्रम ठरलेला आहे: आधी खोबणीचं हाड काढून जागा करणं, मग तिरळेपणा, सर्वांत शेवटी पापणी. पापणीची घाई सगळ्यांना असते, कारण आरशात तीच दिसते. मला अनेकदा नाही म्हणावं लागतं.

रोजच्या जगण्यातल्या गोष्टी साध्या आहेत. उशी उंच घ्या, सकाळची सूज उतरते. पापण्या पूर्ण मिटत नसतील तर झोपताना मलम लावा. 'ती डोळे उघडे ठेवून झोपते' असं घरचे घाबरून सांगतात, त्यात भुताखेताचं काही नाही. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. दोन-दोन दिसत असतील तर चष्म्याला प्रिझम लावता येतो, आणि तोवर एका काचेवर चिकटपट्टी चालते. एका बसचालकाने नोकरीच्या भीतीने दोन दिसणं चार महिने लपवलं होतं. तसं कुणी करू नये. सौम्य आजारात सेलेनियमचा सहा महिने उपयोग होतो, असा युरोपातला अभ्यास २०११ मध्ये आला. तिथल्या मातीत सेलेनियम कमी आहे, त्यामुळे आपल्याकडे तेवढाच फायदा होईल असं मी ठामपणे सांगत नाही. धूम्रपानाबद्दल मात्र ठामपणे सांगते. ते हा आजार आणतं, वाढवतं आणि औषधाला दाद देऊ देत नाही. घरात दुसरा कुणी ओढत असेल तर त्यालाही मी बोलावून घेते.

त्या बाईंना तीन दिवस शिरेतून मोठ्या मात्रेत स्टिरॉईड दिलं. नस पुरेशी मोकळी झाली नाही, म्हणून त्या रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेल्या आणि तिथे खोबणीची शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याने आता शेवटून दुसरी ओळ वाचतात. लाल पूर्ण परतला नाही. दिवाळीच्या गर्दीत त्या काउंटरवर असतात आणि गिऱ्हाइकाला लाल दाखवताना डावा डोळा हलकेच मिटतात. मला त्यांनी कधी दोष दिला नाही. ऑगस्टमध्ये मी रंग तपासले असते तर ते बरोबर निघाले असते का, हे मला आज सांगता येत नाही. पण प्रतिपिंडं सापडली असती, त्या दर महिन्याला माझ्यासमोर बसल्या असत्या, आणि ते सात महिने वाया गेले नसते.

म्हणून वाचकांना एवढी विनंती. डोळे महिनाभराहून जास्त लाल असतील आणि चिपडं येत नसतील, सकाळी पापण्या सुजत असतील, जुन्या फोटोपेक्षा डोळे मोठे दिसत असतील, तर थायरॉईडचा रिपोर्ट काहीही असो, नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि रंगांची तपासणी मागून घ्या. ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेलं ते इशिहारांचं पुस्तक प्रत्येक नेत्रतज्ज्ञाच्या टेबलावर असतं. एकेक डोळा झाकून ते वाचायला दोन मिनिटं लागतात.