अलार्मचा नाद सोडताना

अपस्माराच्या रुग्णांनी कानामागे लावायच्या, मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या छोट्या ईईजी यंत्रांच्या नोंदींवर मी काम करते. फिट सुरू होताच यंत्राने अलार्म दिला पाहिजे, तेवढं जमत नसेल तर ते रुग्णाला लावूच नये, असं मी ठासून सांगायचे. आता सांगत नाही.

तसं म्हणायला आधार होता. एमआयटीत अली शोएब यांनी बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या नोंदी वापरून दाखवलं होतं, की 173 पैकी 96 टक्के फिट्स पकडता येतात, त्याही साधारण तीन सेकंदांत. खोटे इशारे दिवसाला दोनच्या आसपास. पण त्या नोंदी डोकंभर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या. कानामागे असतात मोजके, आणि माणूस दिवसभर बोलतो, भाकरी चावतो, रिक्षात हादरे खातो. विजेच्या तारांची 50 हर्ट्झची गुणगुण फिल्टरने सहज जाते. जबड्याच्या स्नायूंचे संकेत मात्र मेंदूच्या लहरींच्याच पट्ट्यात घुसतात, तेही त्यांच्या कैक पट मोठे होऊन. शिवाय दिवसाला दोन म्हणजे महिन्याला साठ. महिन्याला एकच फिट येणाऱ्याच्या घरचे साठ वेळा उगाच धावणार. यंत्र लवकरच कपाटात जाईल. माझ्या घरी तर पहिल्याच आठवड्यात.

तरी माझं मत फिरलं ते बॉनमधल्या 2007 च्या एका अभ्यासामुळे. व्हिडिओ-ईईजीच्या देखरेखीखाली असलेल्या रुग्णांना आपल्या फिट्स लिहून ठेवायला सांगितलं होतं. निम्म्याहून अधिक फिट्स वहीत आल्याच नाहीत; झोपेतल्या तर सुमारे 86 टक्के सुटल्या. यात हलगर्जीपणा कुठला? फिटमध्ये अनेकदा आठवणच तयार होत नाही. आणि औषधाचा डोस ठरतो तो बहुधा याच वहीवर!

म्हणजे आधी हवी ती मोजणी. तिला घाई नसते. सबंध रात्रीची नोंद हातात असली, की फिल्टर पुढून आणि मागून असा दोनदा फिरवता येतो, लहरी जागच्या सरकत नाहीत. संशयास्पद तुकडा त्याच्या आधीनंतरच्या नोंदीशी ताडता येतो. उरलेले तुकडे तंत्रज्ञ बघतात. त्यातले दहा खोटे निघाले तरी कुणाची झोपमोड होत नाही.

झोपेत संपूर्ण शरीराला झटके देणारी फिट येते, त्यातून क्वचित अचानक मृत्यूही होतो; तिथे अलार्म हवाच. पण ते झटके मनगटावरच्या यंत्रालाही कळतात, त्यासाठी मेंदूच्या लहरी लागत नाहीत. सहकारी म्हणतात, तू थोडक्यात समाधान मानलंस. मानलं, पण मोजणीचीही मला धास्ती आहे. ‘या महिन्यात दोन’ असं वाचून डॉक्टर डोस कमी करतील, आणि यंत्र निम्मा वेळ नीट चिकटलेलंच नसेल. म्हणून हल्ली माझा हट्ट आहे, की अहवालात फिट्सच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, वाचण्याजोगी नोंद किती तासांची मिळाली तेही छापावं.