मास्क स्वतः लावण्याचे वय
झोपेत घशातील मार्ग पुन्हा पुन्हा मिटून श्वास अडतो, त्या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड हे त्याचे नेहमीचे कारण. ते काढूनही त्रास उरला, तर रात्री सीपॅप मशीन लावावे लागते. मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. ही पद्धत कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातून मांडली. तिने विकार मुळातून जात नाही. मास्क तोंडावर असेल तेवढाच वेळ तिचा उपयोग.

प्रस्तुत लेखकाला हे मशीन शाळेत असतानाच लागले. जिंतूर तालुक्यातल्या घरी त्याची सारी व्यवस्था आईकडे होती. पट्टे बेताने ओढणे, मास्क धुणे, कापूस वेचणीच्या दिवसांत धुळीने राखाडी झालेला फिल्टर बदलणे, हे तिचे रोजचे काम. वीज गेली की मास्क काढून मुलाला कुशीवर निजवणारीही तीच.

अठराव्या वर्षाच्या आसपास ही घडी मोडते. बालरोगतज्ज्ञ मोठ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात, त्याच सुमारास मूल शिक्षणासाठी परभणीला किंवा त्याहून लांब वसतिगृहात जाते. तिथे जागरणे होतात, खोलीतल्या मुलांसमोर मास्क लावायला संकोच वाटतो, उठवणारे कोणी नसते. लेखकाला नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मशीनचा दाब विचारला. तो आईला फोन लावून सांगावा लागला.

तपासणीचे निकषही वयानुसार बदलतात. लहान मुलात तासाला एकदा श्वास अडला तरी तो दोष धरतात. प्रौढांत ही मर्यादा पाच आहे. वजन, जबडा आणि चेहऱ्याची ठेवण बदलल्याने जुना दाब व जुना मास्क चालेलच असे नाही. म्हणून झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी लागते. मशीन किती तास चालले याची नोंद त्यातच राहते. सत्तर टक्के रात्री किमान चार तास, हा नियमित वापराचा रूढ निकष. खरा फायदा मात्र पूर्ण झोपभर वापरण्यात आहे.

ही जबाबदारी एका दिवसात अंगावर पडू नये. चौदा-पंधराव्या वर्षापासून मास्क मुलाने स्वतः चढवावा, फिल्टर स्वतः बदलावा, दाबाचा आकडा पाठ ठेवावा आणि डॉक्टरांशी स्वतः बोलावे. नव्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना पालकांनी सोबत असावे आणि जुनी फाइल मुलाच्या हाती द्यावी.