उद्यापनानंतर

आपल्या भाषेत ‘आरंभशूर’ असा एक मार्मिक शब्द आहे. मोठ्या उत्साहानं कामाला हात घालायचा आणि चार दिवसांत ते सोडून द्यायचं, अशा माणसाला आपण तो लावतो, आणि लावताना थोडं गालातल्या गालात हसतोही. पण जो माणूस हाती घेतलेलं काम नीट शेवटाला नेतो आणि ते संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आता काय?’ म्हणून उभा राहतो, त्याला काय म्हणावं? वीसएक वर्षं मराठी शिकवूनही मला तो शब्द सापडलेला नाही. मध्यंतरी तो मला फार हवा होता. कारण मी स्वतःच तशी उभी होते. आणि तीही पायांत धावण्याचे बूट घालून!

माझ्यासारख्या बाईनं चाळिशी उलटल्यावर धावू लागावं, याला कारण झाला एक कागद. रक्ततपासणीच्या त्या कागदावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ असा होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ म्हणजे गृहप्रवेश. माझ्या आईनं हा उंबरठा पन्नाशीत ओलांडला, आणि तिची पुढची वर्षं डोळ्यांच्या आणि पावलांच्या तक्रारींत गेली. देवळात जाताना ती माझा दंड धरून पायऱ्या चाचपत असे. ती चाचपणारी पावलं त्या आकड्यामागे मला स्पष्ट दिसली. डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला गोळी लिहून देत नाही. पाय लिहून देतो.”

मग मी नवशिक्यांसाठी असलेला एक कार्यक्रम घेतला. ‘सोफ्यापासून पाच किलोमीटर’ अशा अर्थाचं त्याचं इंग्रजी नाव आहे. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणानं तो १९९६ साली तयार केला, आणि तयार करताना त्याच्या डोळ्यांपुढे होती त्याची पन्नाशीतली आई. मला ही गोष्ट कळली तेव्हाच तो कार्यक्रम आपला वाटला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे एकूण सत्तावीस वेळा घराबाहेर पडायचं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं भरभर चालायचं. मग साठ सेकंद धाव, नव्वद सेकंद चाल, असं आलटून पालटून वीस मिनिटं. साठ सेकंद म्हणजे काय असतात हे मला त्या दिवशी कळलं! पण कार्यक्रम मोठा लबाड आहे. तो तुम्हाला न कळत पुढे ढकलतो. पाचव्या आठवड्यात दोन दिवस धावण्या-चालण्याची मिसळ होते आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटं धावायला सांगतात. आणि नवल म्हणजे, आपण धावतो! नवव्या आठवड्यात तीस मिनिटं होतात. फोनमधली एक बाई कानात ‘आता धावा’, ‘आता चाला’, ‘छान चाललं आहे’ असं सांगत असते. नऊ आठवड्यांत माझं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं.

सत्ताविसाव्या दिवशी त्या बाईनं माझं अभिनंदन केलं आणि ती गप्प झाली. अठ्ठाविसावा दिवस तिच्याजवळ नव्हताच.

खरी अडचण तिथून सुरू झाली. आणि ती पायांत नव्हती, घरात होती. मध्यमवर्गीय घरात ‘कोर्स’ या शब्दाला फार मान असतो. टंकलेखनाचा असो, शिवणाचा असो, नाही तर संगणकाचा, कोर्स चालू असलेल्या माणसाच्या वाटेला कोणी जात नाही. नऊ आठवडे माझाही कोर्स चालू होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सहा ते सात मी घरात नसणार, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. यजमान चहा स्वतः करून घेत. चिरंजीव आपला डबा आपण भरत. त्यात काय भरत हे मी विचारत नसे. पण कोर्स संपला आणि त्या तासाचा राखणदारच निघून गेला. “झालं ना आता तुझं?” असं यजमान म्हणाले, तेही अगदी कौतुकानं. पुढच्या मंगळवारी गॅसवाला सकाळी येणार होता, गुरुवारी चिरंजीवांची लवकरची शिकवणी निघाली, शनिवारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. कोणी काही हिसकावून घेतलं नाही. पाणी उताराकडे जावं तसा तो तास आपोआप स्वयंपाकघराकडे वाहून गेला.

आणि खरं सांगायचं तर मलाही हुरूप उरला नव्हता. पूर्वी प्रत्येक आठवड्याला काही नवं असे. परवा पाच मिनिटं, आज आठ. पायरी चढल्याचा आनंद असे. आता तीस मिनिटं म्हणजे तीस मिनिटं! काल तीस, आज तीस, उद्याही तीस. मला वाटलं होतं, नऊ आठवड्यांत सवय लागलेली असेल. दात घासावे तसे पाय आपण होऊन बाहेर पडतील.

सवयीबद्दलचं एक संशोधन पुढे माझ्या वाचनात आलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना एकेक साधी गोष्ट रोज करायला सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. शिवाय फळ खाणं, पाणी पिणं यांपेक्षा व्यायामाची सवय लागायला वेळ जास्त. मी हिशेब केला. नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस खरे. पण त्यांत मी धावले फक्त सत्तावीस दिवस. म्हणजे सवयीचं झाड नुकतं कुठे रुजत होतं, आणि आम्ही त्याचा वाढदिवस साजरा करून पाणी घालायचं थांबवलं होतं! त्याच संशोधनातली दुसरी गोष्ट मला अधिक दिलासा देणारी वाटली: मध्ये एखादा दिवस चुकला तर विशेष काही बिघडत नाही.

हुरूप परत कसा आणावा याबद्दल सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. सर्वांत लाडका सल्ला म्हणजे शर्यतीत नाव घाला. आमच्या पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची. आता तर गावोगावी दहा किलोमीटर, एकवीस किलोमीटर धावण्याचे सोहळे होतात. सातारकर तर घाट चढत धावतात. साताऱ्याच्याच माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली, तेव्हा माझाही ऊर भरून आला होता. शर्यतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मनाशी विचार केला, शर्यत म्हणजे तरी काय? आणखी एक कोर्स! तिची तारीख ठरलेली, तिचा शेवट ठरलेला. गळ्यात पदक पडेल, छायाचित्र निघेल आणि सोमवारी सकाळी मी पुन्हा बूट घालून उभी राहीन.

दुसरा सल्ला अंतर वाढवण्याचा. त्यात एक धोका आहे, तो मला डॉक्टरांनी समजावून सांगितला. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयारीला लागतात. पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश घडतात, त्यांना महिनेच्या महिने लागतात. म्हणून दम पुरतो आणि गुडघा किंवा नडगी कुरकुरते, असं नेमकं याच टप्प्यावर होतं. “बोलता बोलता धावता आलं पाहिजे, तेवढाच वेग,” असं त्यांनी बजावलं. आणि जास्तीची गरज तरी कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी जे प्रमाण सांगितलं, त्यात जोरकस व्यायाम आठवड्याला ७५ ते १५० मिनिटं आहे. तीन वेळा तीस मिनिटं म्हणजे नव्वद झालीच. वाढवायचं काही नव्हतं. चालू ठेवायचं होतं. आणि तेच तर जमत नव्हतं.

यातून वाट दाखवली ती माझ्या सासूबाईंनी. आणि धावणं हा प्रकार त्यांना आजही फारसा पसंत नाही.

त्या रोज सकाळी ज्ञानेश्वरीच्या पंचवीस ओव्या वाचतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास. पंचवीसप्रमाणे वाचल्या की साधारण वर्षभरात ग्रंथ संपतो. संपतो त्या दिवशी त्या साखर ठेवतात, नमस्कार करतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या अध्यायाची पहिली ओवी पुन्हा सुरू. एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते, बूट दाराशी तसेच पडले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “तुझा तो कोर्स आता परत कधी आहे ग?”

मी म्हटलं, “आई, कोर्स संपला. आता नुसतंच धावायचं. पण त्याला शेवट नाही, म्हणून जमत नाही.”

त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “मग कोर्स कशाला म्हणतेस? नेम म्हण की!”

इतकी वर्षं वर्गात शब्दांच्या अर्थच्छटा शिकवणारी मी त्या एका शब्दानं गप्प झाले. आपल्याकडे व्रत वेगळं आणि नेम वेगळा. व्रताला संकल्प असतो, ठरावीक दिवस असतात आणि शेवटी उद्यापन असतं. सोळा सोमवार झाले, मेहूण जेवलं, व्रत संपलं. नेमाला उद्यापन नसतं. वारी घ्या. वारी म्हणजे नियमानं पुन्हा पुन्हा जाणं. आळंदीहून पंढरपूरला पायी पोचायला वीसएक दिवस लागतात. पण तिथे पोचून ‘झाली बुवा एकदाची’ असं म्हणणारा वारकरी मला अजून भेटलेला नाही. आषाढी झाली की तो कार्तिकीकडे डोळे लावतो. आमचा ‘अभ्यास’ हा शब्दही तसाच. विद्यार्थ्यांना तो परीक्षेपुरता ठाऊक असतो. पण त्याचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणं हाच. संस्कृत व्याकरणात धातूचं द्वित्व होतं, तेव्हा त्यातल्या पहिल्या भागाला ‘अभ्यास’ म्हणतात. मी व्रत पुरं केलं होतं, आणि हुरूप शोधत होते तो पुढच्या व्रताचा. मला हवा होता नेम.

नेमाचा एक मोठा गुण म्हणजे त्याला हुरूप लागत नाही. रोज पोळ्या करणाऱ्या बाईला ‘तुम्हाला पोळ्या करण्याची स्फूर्ती कुठून मिळते हो?’ असं कोणी विचारत नाही. स्फूर्ती असो, नसो, कणीक मळली जाते. आणि पोळीचं जे, तेच दमाचं. कालच्या पोळ्या आज फार तर फोडणीला उपयोगी! धावण्यानं कमावलेला दम बँकेतल्या ठेवीसारखा पडून राहत नाही. दोनचार आठवडे थांबलात तर तो ओसरू लागतो. ही गोष्ट मला पूर्वी निराश करी. आता वाटतं, यात निराश होण्यासारखं काय आहे? पोटाचंही तसंच असतं, आणि घराचा केरही कालचा काढलेला आज उपयोगी पडत नाही.

मी घरात जाहीर करून टाकलं की हा कोर्स नाही, नेम आहे. तो संपायचा नाही. यजमानांनी क्षणभर विचार केला आणि गॅसवाल्याला बुधवार दिला. शब्दात केवढं सामर्थ्य असतं पाहा! दिवस तेच ठेवले: मंगळ, गुरू, शनी. तीस मिनिटांची सक्ती मात्र काढली. अंग जड असेल तर वीस. पाऊस असेल तर छत्री घेऊन नुसतं चालणं. नियम एकच, दाराबाहेर पाऊल पडलं पाहिजे. आणि बोलता बोलता धावायचं तर बोलायला कोणी हवं, म्हणून समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना बरोबर घेतलं. त्यांनी सुरुवात साठ सेकंदांपासून केली. आता कानात सांगणारी बाई मीच आहे. सोबतीची महती काही लहान नाही. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या गृहस्थानं शनिवारच्या सकाळी पाच किलोमीटर धावण्याचा परिपाठ सुरू केला. त्या दिवशी तेरा जण धावले. पुढे ‘पार्करन’ म्हणून तो देशोदेशी पसरला. गंमत अशी की, त्या वेळी दुखापतीमुळे त्याला स्वतःला धावता येत नव्हतं. धावणाऱ्या मित्रांची गाठ पडत राहावी, एवढाच त्याचा हेतू होता.

साखरेचा आकडा अलीकडे ५.८ आला. उंबरठ्यावरच आहे, पण पाऊल मागे घेतलेलं आहे. आनंद झाला, तरी त्या आनंदावर धावणं चालत नाही. आकडा वर्षातून दोनदा येतो, सकाळ आठवड्यातून तीनदा येते. बरेचदा पहिली दहा मिनिटं नकोशी वाटतात, गल्लीतली कुत्री भुंकतात, वहिनी आपल्या नणंदेची गोष्ट दुसऱ्यांदा सांगतात. मग कुठल्याशा वळणावर श्वास लयीत येतो, पावलांचा आवाज एकसारखा होतो, आणि ही पावलं चाचपत पडत नाहीत, हे मला ऐकू येतं.

परतते तेव्हा सासूबाई पोथी मिटत असतात. “झालं?” त्या विचारतात.

“आजचं झालं,” मी म्हणते.