हवेचा वाटा

ट्रॅक्टरच्या कार्बुरेटरविषयी काही सांगू गेल्यास आजचा शेतकरी प्रथम हसेल, आणि त्याचे हसणे योग्यच असेल. आपल्याकडच्या शेतांत दिसणारा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर डिझेलवर चालतो आणि डिझेल इंजिनाला कार्बुरेटर नसतोच. तेथे पंप आणि नोझल यांचे राज्य. १९५९ साली फरीदाबादला आयशरने देशातला पहिला ट्रॅक्टर बांधला, तो डिझेलचा. आमच्या बडोद्यात झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने ‘हिंदुस्तान’ ट्रॅक्टर निघू लागले, तेही डिझेलचेच. तेव्हा ज्याच्या अंगावर कार्बुरेटर आहे असा ट्रॅक्टर हा स्वातंत्र्याच्या आगेमागे परदेशातून आलेला पाहुणा समजावा.

छाणीला आमच्या शेतावर असा एक पाहुणा आहे. राखाडी रंगाचा, बुटका, पुढे अरुंद आणि मागे रुंद असा हा फर्ग्युसन. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत या जातीचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. आमचा त्यातला रॉकेलवर चालणारा. त्याच्या टाकीचे दोन कप्पे आहेत, एक लहान पेट्रोलचा व एक मोठा रॉकेलचा. थंड इंजिन रॉकेलवर सुरू होत नाही. म्हणून सकाळी पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापले की तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायचा, आणि संध्याकाळी बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवायचा. कार्बुरेटरच्या वाटीत रात्रभर पेट्रोल राहिले, तरच दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागा होणार. उद्याची तरतूद आज केल्याखेरीज निजू नये, हा धडा आमच्या घरातील मुलांनी पुस्तकापेक्षा या तोटीपाशीच अधिक गिरवला. पुढे रॉकेल दुर्मिळ झाले आणि ट्रॅक्टर पूर्णपणे पेट्रोलवर आला. तेव्हापासून त्याच्याकडे बेताचेच काम आहे. छाणीभोवतालची शेती आक्रसत गेली. एका अंगाला खताचा कारखाना, दुसऱ्या अंगाला महामार्ग, आणि शहराच्या बाजूने सरकत आलेल्या सोसायट्या. २००७ साली गुजरातेतून जकात उठली तरी ‘छाणी जकातनाका’ हे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. उरलेल्या तुकड्यात तूर आणि एरंड होतो. तेवढ्यापुरती नांगरट हा ट्रॅक्टर करीत आला.

मग तो कुरकुरू लागला. चोक अर्धा ओढून धरला तरच चालायचा. फाळ जमिनीत उतरला, ओझे आले, की कार्बुरेटरातून खोकल्यासारखा आवाज काढून बंद पडायचा. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. घरातील तरुण मंडळींचे म्हणणे व्यवहाराला धरून होते: भाड्याचा डिझेल ट्रॅक्टर तासाभरात सगळे शेत नांगरून देतो, म्हाताऱ्याचे वय झाले, त्याला आता मोकळे करावे. ‘वय झाले’ या दोन शब्दांनी आपण माणसांची आणि यंत्रांची कितीतरी प्रकरणे न तपासता निकालात काढतो.

ज्यांनी हे प्रकरण तपासले ते आमचे मिस्त्रीकाका. त्यांनी टाकीची तोटी बंद केली, तेलाची नळी, गव्हर्नरचा दांडा आणि चोकची तार सोडवली, दोन नट काढून कार्बुरेटर हातात घेतला आणि वाटी उघडून मला दाखवली. तळाशी मिठासारखा पांढरा थर होता. बुचाचे वॉशर फुगून भुसभुशीत झाले होते. बटरफ्लायचा दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक झिजून लांबट झाले होते आणि अंगाला बारीक तडा गेला होता. दुरुस्तीच्या पलीकडचा होता तो. बदलणे भाग होते. परंतु यातली झीज तेवढी वयाची होती. पांढरा थर आणि फुगलेले वॉशर यांचे कारण निराळे होते, आणि ते पेट्रोलमध्ये होते.

२००३ साली काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. यामागचा हेतू चांगला आहे. परदेशी तेलावरचा खर्च कमी होतो, उसाला आणि धान्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळते. मात्र इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, जुन्या जातीचे रबर आणि बूच त्यात टिकत नाही, आणि अशा जुन्या कार्बुरेटरांचे अंग बहुधा ज्या जस्ताच्या मिश्रधातूचे असते ती ओलाव्याने खंगते. एका शेतकऱ्याच्या उसातून निघालेला रस दुसऱ्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला असा आतून पोखरतो. यात कोणीच दुष्ट नाही. म्हणूनच ते चटकन लक्षात येत नाही.

त्याच मापाचा नवा कार्बुरेटर मागवला. या फर्ग्युसनला हवा खालून वर जाणारा कार्बुरेटर लागतो, त्यामुळे जीपचा किंवा मोटारीचा चालत नाही. सुदैवाने या जातीचे भाग अजून तयार होतात. मिस्त्रीकाकांनी जुने पॅकिंग खरवडून काढले, नवे बसवले, नट आवळले. इंजिन सुरू झाले, आणि ओझ्याखाली पुन्हा तसेच खोकले. मी हताश झालो. काका डोळे मिटून आवाज ऐकत राहिले आणि म्हणाले, “हवा वधारे आवे छे, भाऊ.”

हे एक वाक्य म्हणजे सगळे निदान होते. कार्बुरेटरचे काम मोजून वाटण्याचे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे नऊच. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. जेटचे बारीक भोक मात्र जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले. त्यातून नवे इंधन जाते तेव्हा हवेचा वाटा जास्त पडतो आणि इंजिन उपाशी राहते. भाग नवा होता, पण त्याचे माप सत्तर वर्षांपूर्वीचे होते. काकांनी किंचित मोठ्या भोकाचा जेट घातला, वॉशर आणि नीडल इथेनॉलला न फुगणाऱ्या रबराची घेतली, आयडलिंगचा स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा मागे घेतला, आणि मग कानाने पाव पाव फेरा पुढे-मागे करीत राहिले. चोक आत ढकलला. फाळ जमिनीत उतरला आणि ट्रॅक्टर चालत राहिला.

छाणीची ख्याती जैन मंदिरांची आणि हस्तलिखितांच्या ज्ञानभांडाराची. जुनी वस्तू जपणे म्हणजे ती बासनात बांधून ठेवणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ज्ञानपंचमीला जैनांच्या भांडारांतील पोथ्या बाहेर काढतात, धूळ झटकतात, त्यांना वारा देतात. कारण बंद पोथीला कसर लागते. पोथीला वर्षातून एकदा वारा पुरतो, यंत्राला मात्र त्याचे कामच द्यावे लागते, आणि तेही आजच्या इंधनावर. कालचे इंधन आता कोणी आणून देणार नाही.

जुन्याचा अभिमान बाळगणारे आम्ही आणि जुने मोडीत काढू पाहणारे आमचे तरुण, दोघेही ट्रॅक्टरकडेच पाहत होतो; टाकीत काय ओतले जाते आहे हे पाहिले ते एकट्या मिस्त्रीकाकांनी. जे चालेनासे होते ते प्रत्येक वेळी जीर्ण झालेले असतेच असे नाही. कित्येकदा त्याला मिळणारे अन्न बदललेले असते आणि माप मात्र कोणी बदललेले नसते. यंदाची तूर आम्ही त्याच ट्रॅक्टरने नांगरलेल्या जमिनीत पेरली. जुना कार्बुरेटर भंगारात गेला. त्याचा जेट काकांनी मागून घेतला. नवीन मुलाला शिकवायला उपयोगी पडतो, म्हणाले.