न पाहिलेला दरबार

पुणे, सोमवार रात्र

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

तपासणीचे काम चारला आटोपले म्हणून आज शनिवारवाड्यात जाऊन आले. दिल्ली दरवाज्याचे ते भले थोरले खिळे पाहत आत शिरावे, तर पुढे नुसती जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळीवर फोटो काढणारी मंडळी. लाकडी महाल १८२८ च्या आगीत गेले. मी एका जोत्यावर बसून मोबाइलवर इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलचे चित्र उघडले: सवाई माधवरावांचा दरबार, ६ ऑगस्ट १७९०. टिपूविरुद्धचा तह जूनमध्येच झाला होता; गव्हर्नर जनरलची मंजुरी आलेला तो कागद इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट सोळा वर्षांच्या पेशव्यांना देतो आहे. सुरूदार खांब, महिरपी, पागोट्यांची दाटी. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. जळालेला वाडा आतून कसा दिसत असेल, हे पाहायला आज त्या परदेशातल्या चित्राकडेच जावे लागते.

तुम्ही वर्गात फ्रेंच चित्रकार ज्याक लुई दाविदची चित्रे दाखवून रचना शिकवायचात. कोण उभा, कोण बसलेला, उजेड कोणावर, यावरून चित्रकार कोणाच्या बाजूचा ते ओळखा, म्हणायचात. तोच धडा मी इथे लावून पाहिला. पेशवे गादीवर आहेत, मानाने आहेत. पण नजर जाते ती देणाऱ्याच्या हाताकडे.

आणि गंमत ऐका. डॅनियल त्या दरबारात नव्हताच. ज्याच्या रेखाटनांवरून त्याने काम केले तो जेम्स वेल्सही नव्हता. वेल्स मुंबईला उतरला १७९१ त आणि पुण्याला आला त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे दोघांनीही न पाहिलेला दरबार! चित्र पुरे झाले १८०५ साली. तोवर सवाई माधवराव, त्यांचे कारभारी नाना फडणवीस, टिपू, खुद्द वेल्स, कोणीच हयात नव्हते. वसईचा तह होऊन दुसरे बाजीराव इंग्रजी फौजेच्या आधाराने गादीवर बसले होते. अशा वेळी लंडनकरांना पंधरा वर्षांपूर्वीचा बरोबरीचा तह दाखवायचा, म्हणजे हे राज्य आम्ही गिळत नाही, मैत्रीने चालवतो, असे सांगणे. मॅलेटला तर याच कामगिरीवर सरदारकी मिळाली होती.

बाकी पुढच्या पत्री.

पुणे, बुधवार

ती. अप्पांस,

सकाळी संगमावर गेले होते. मॅलेटची रेसिडेन्सी इथेच होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, मराठ्यांनी ती जाळली. आता वाहनांच्या गर्दीत दोन नद्यांचे पाणीसुद्धा नीट पाहता येत नाही.

दाविदचे मनात घोळतच होते. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या, १७८९ च्या टेनिस कोर्टवरच्या शपथेचे प्रचंड चित्र त्याने हाती घेतले आणि ते अपुरेच राहिले. कारण काय, तर चित्रातले नायक एकेक करून देशद्रोही ठरत गेले. मध्यभागी उभा असलेला सभेचा अध्यक्ष बायी, त्याचे तर १७९३ त डोकेच उडवले. ज्यांची चित्रे काढायची ती माणसे जिवंत असली की प्रचाराचे हे असे हाल होतात. डॅनियलला ती अडचण नव्हती. तो दरबार रंगवत होता तेव्हाच दाविद तिकडे नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या चित्राला बसला होता, आणि सोहळ्याला न आलेल्या नेपोलियनच्या आईला त्याने चित्रात मानाच्या जागी बसवले. क्रांतीचा चित्रकार आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलाचा चित्रकार, दोघांचा हिशेब शेवटी सारखाच निघाला!

मला खरा माणूस वाटतो तो गंगाराम तांबट. वेल्सच्या हाताखाली शिकलेला पुण्याचा कारागीर. पेशव्यांचा गेंडा, वेरूळची लेणी असे जे समोर दिसले ते त्याने काढले. त्याची रेखाटने आता अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. नोकरी मॅलेटचीच होती, पण त्याच्या गेंड्याला कोणाची बाजू मांडायची नव्हती.

पुणे, शुक्रवार

ती. अप्पांस,

परवाच्या पत्रातून नाना फडणवीस निसटले, म्हणून हे. वेल्सने नानांना समोर बसवून चित्र काढले होते. सवाई माधवरावांसोबतचे ते चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. मुत्सद्दी, कृश, सावध. इंग्रजांच्या लेखी ते बोलणी करण्याजोगे कारभारी.

पुण्यात त्याच नानांना पुढे दुसरेच काम मिळाले. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इथे चित्रशाळा छापखाना काढला. सुरुवातीच्या शिळाछाप चित्रांत देवादिकांच्या जोडीला नानाही होते. त्याच वर्षी व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदा आणला, हे लक्षात घ्या. निबंधावर खटला भरता येतो. रामपंचायतनाशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या नानांवर काय कलम लावणार? मराठी राज्याचा शेवटचा शहाणा माणूस भिंतीवर रोज दिसला, की बाकीचे बोलणे घरातली माणसे आपापसांत करून घेतात. रंग भडक, शरीररचना कच्ची. तुम्ही गुण कापले असतेत. पण दाविदचे कॅनव्हास राजवाड्यांत आणि सभागृहांत टांगले गेले, हे कागद थेट माजघरात शिरले. प्रचार म्हणून पाहिले तर विष्णुशास्त्री मला दाविदपेक्षा हुशार वाटतात, आणि यावर तुम्ही वाद घालणार हे ठाऊक आहे. उत्तर लिहा, पुढच्या आठवड्यातही मी इथेच आहे.

आईला नमस्कार.