रिकाम्या खुर्च्यांपुढचे अपील

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून बहुतेक भारतीय मालावरचे जादा आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, आणि आपल्याकडची चर्चा कोळंबी, हिरे, तयार कपडे यांच्याभोवती फिरू लागली. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईसारख्या गावाला यात काय, असे वाटणे साहजिक आहे. इकडे न्हावऱ्याचा घोडगंगा साखर कारखाना, तिकडे आंबेगावात पारगावचा भीमाशंकर. या पट्ट्यातला ऊस काही न्यूयॉर्कला जात नाही. तरीही अमेरिकेच्या व्यापारधोरणाने या उसाला गेली काही वर्षे, नकळत का होईना, वाचवले आहे. हा आडवळणाचा फायदा आपल्याला शेवटी महाग पडतो, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात अमेरिकेच्या साखरेपासून करू. तो देश कालपरवापर्यंत मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता होता आणि आता बिघडला, ही समजूत निदान साखरेच्या बाबतीत टिकत नाही. १९३४ च्या कायद्यापासून, मधली काही वर्षे सोडली तर, तिथे बाहेरच्या साखरेला देशवार कोटा आहे. कमी शुल्काच्या कोट्यात भारताच्या वाट्याला वर्षाला साडेआठ हजार टनांच्या आसपास कच्ची साखर येते. दिवसाला पाच हजार टन गाळप करणारा आपला एखादा कारखाना साडेदहाच्या उताऱ्याने तेवढी साखर सोळा-सतरा दिवसांत पोत्यात भरतो. कोट्याबाहेर गेलात की पौंडाला १५.३६ सेंट, म्हणजे किलोमागे जवळजवळ तीस रुपये शुल्क. आपल्याकडे साखरेची किमान विक्री किंमतच २०१९ पासून ३१ रुपये आहे! याचा भुर्दंड अमेरिकी ग्राहकाने आणि मिठाई उद्योगाने भरला. ‘लाइफ सेव्हर्स’ गोळ्यांचा मिशिगनमधला कारखाना २००३ च्या सुमारास स्वस्त साखरेसाठी कॅनडात गेला. ऊस-बीट शेतीतली एक नोकरी वाचवताना मिठाई उद्योगातल्या जवळपास तीन जातात, असा हिशेब खुद्द अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने २००६ मध्ये मांडला. तरी कोटा हलला नाही. संरक्षणाचा लाभ मूठभरांना होतो आणि ते संघटित असतात; किंमत मात्र कोट्यवधी लोक चिमूटचिमूट मोजतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? आयात साखरेवर आपले १०० टक्के शुल्क आहे आणि उसाला एफआरपीचे, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचे, कायदेशीर कवच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरले. तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात काय पडते, ते उत्पादकाला ठाऊक आहे. या व्यवस्थेविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेले. एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, तेव्हा ते सरकारी अनुदान कसे, असा आपला युक्तिवाद होता. डिसेंबर २०२१ मध्ये तंटा मंडळाने तो फेटाळला. भाव सरकारने ठरवला एवढे पुरे, पैसे कोणाच्या खिशातून जातात हे गौण, असा त्याचा अर्थ. संघटनेच्या शेतीकराराच्या सूत्रात आजचा भाव १९८६-८८ च्या किमतींशी ताडला जातो. मधल्या महागाईचा विचार करता हे सूत्र मला साफ अन्यायाचे वाटते, पण आपण त्यावर सही केली आहे. उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा आपण सलग पाच हंगाम ओलांडली, असा निकाल लागला.

निकाल अंमलात आला असता तर एफआरपीची रचना बदलावी लागली असती. भारताने अपील केले, आणि तिथेच गाडी थांबली, कारण अपील ऐकायला कोणी नव्हते. सात सदस्यांच्या अपील पीठावर नव्या नेमणुका होऊ द्यायच्या नाहीत, हे धोरण अमेरिकेने २०१७ पासून राबवले. सुनावणीला किमान तिघे लागतात. १० डिसेंबर २०१९ ला दोघांची मुदत संपली, त्यातले एक भारताचे उजल सिंह भाटिया, आणि पीठावर एकच सदस्य उरल्या. पुढच्या वर्षी त्याही गेल्या. अपील पडून आहे आणि एफआरपी चालू आहे.

मग बरेच झाले की, असे कोणी म्हणेल. पण रिकाम्या खुर्च्यांचा आडोसा सर्वांनाच मिळतो. पोलाद-ॲल्युमिनियमवरच्या २०१८ च्या शुल्कांबद्दल डिसेंबर २०२२ मध्ये तंटा मंडळांनी अमेरिकेला दोषी धरले, तेव्हा तिनेही त्याच पीठाकडे अपील करून निकाल गोठवला. भारताची त्याच शुल्काविरुद्धची तक्रार २०२३ मध्ये आपसात मिटली आणि बदल्यात आपण अमेरिकी बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा, मसूर यांवरचे जादा शुल्क काढले. निवाड्याची जागा सौद्याने घेतली की ज्याची बाजारपेठ मोठी त्याचे पारडे जड. ५० टक्क्यांचा बोजा जाहीर झाल्यावर आपल्या सरकारने काय केले? १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कापड गिरण्यांना श्वास घेता यावा हा हेतू समजण्यासारखा आहे, पण मुदत नेमकी विदर्भ-मराठवाड्यात वेचणी सुरू असतानाची. वॉशिंग्टनने लावलेल्या शुल्काचा एक हिस्सा यवतमाळच्या शेतकऱ्याकडून वसूल झाला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पीठ चालू होते तेव्हा तरी दुबळ्याला न्याय मिळाला का? कापसाचेच उदाहरण घ्या. अमेरिकी कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील २००५ मध्ये अपिलातही जिंकला. अमेरिकेने सगळे अनुदान बंद केले नाहीच. २०१० पासून वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी देऊ केले आणि २०१४ मध्ये ३० कोटी देऊन विषय मिटवला. हा न्याय अर्धामुर्धा आणि उशिराचा, मान्य. तरी त्या पैशामागे ब्राझीलला मिळालेला प्रतिशुल्काचा अधिकृत हक्क होता. आज भारताच्या हाती तसा कागद नाही.

म्हणून युरोपीय संघ, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया यांनी २०२० मध्ये उभी केलेली आणि नंतर जपानने स्वीकारलेली पर्यायी अपील-लवादाची व्यवस्था भारताने स्वीकारावी, असे मी म्हणतो. अमेरिका तिच्यात नाही, त्यामुळे तिच्या शुल्कांवर हा उपाय नाही. पण बाकीच्या ग्राहकांशी तरी कायद्याच्या भाषेत बोलता येईल. त्यासाठी साखरेत पुढेमागे तडजोड करावी लागेल, एफआरपीचा काही भार उत्पादनाशी न जोडलेल्या थेट मदतीकडे वळवावा लागेल. हे राजकीयदृष्ट्या अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

आणि नियम मागणाऱ्याने ते घरातही पाळावे लागतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, ८ डिसेंबरपासून थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्काचा शेवटचा अंश जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या काळात शिरूर-जुन्नरच्या कांदा उत्पादकाचे दिल्लीने केलेले नुकसान अमेरिकेला कोणत्याही शुल्काने करता आले नसते. आपल्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश आणि आखात आहे. शेतीकराराच्या बाराव्या कलमानुसार खाद्यपदार्थाची निर्यात रोखण्यापूर्वी शक्य तितकी आधी लेखी सूचना द्यावी लागते. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या पदार्थाचा जो देश निव्वळ निर्यातदार असेल त्याला ती मिळत नाही, आणि कांद्यात भारत निर्यातदारच आहे. उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये बराकीत पडतो आणि दिवाळीपर्यंत थोडाथोडा निघतो. निदान तेवढ्या काळात निर्यातीचा नियम बदलणार नाही, एवढी तरतूद परराष्ट्र व्यापार कायद्यात घालायला जिनिव्हातल्या व्यापार संघटनेच्या परवानगीची गरज नाही.