गाळ्याखालची जमीन : नवी मुंबईतील एक घटना-यात्रा

यात्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, घाट, मंदिरे आणि धर्मशाळा उभ्या राहतात. नवी मुंबईकडे त्या नजरेने सहसा कोणी पाहत नाही. येथे आपण व्यापारासाठी येतो, मुलांच्या शिक्षणासाठी सदनिका घेतो आणि मोकळे रस्ते पाहून समाधान मानतो. तथापि एखादा दिवस मोकळा काढून वाशीच्या पुलापासून उरण तालुक्यातील जासईपर्यंत जो सावकाश जाईल, त्याला येथे राज्यघटनेचा एक मोठा धडा वाचावयास मिळेल. शासनाने नागरिकाची मालमत्ता केव्हा घ्यावी, कोणत्या रीतीने घ्यावी, मोबदला काय द्यावा आणि नागरिकाला तो अन्याय वाटला तर त्याने दाद कोठे मागावी, हे ते प्रश्न होत. अमेरिकेने १७९१ सालीच ते आपल्या घटनेत नोंदवून ठेवले. आपल्याकडे या खाडीकाठी ते भाताच्या शेतांवर उभे राहिले. आपला गाळा, आपली वखार, आपले घर ज्या जमिनीवर आहे, तिचाच हा इतिहास असल्यामुळे तो आपणास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

खाडीपलीकडचे शहर

मुंबईहून निघालेला प्रवासी ठाण्याची खाडी ओलांडतो तेव्हा त्याच्या उजव्या-डाव्या हाताला खारफुटी दिसते आणि समोर वाशीच्या इमारती. येथला पहिला पूल १९७३ साली झाला. रेल्वे वाशीला पोहोचली ती ९ मे १९९२ रोजी. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश, या नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आला.

हा प्रदेश ओसाड नव्हता. आगरी, कोळी आणि कऱ्हाडी समाजाची माणसे येथे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर पिढ्यान्पिढ्या जगत होती. आजही सानपाडा, नेरूळ, करावे, दारावे, तुर्भे ही नावे आपण रोज उच्चारतो. ती मुळात गावांचीच नावे आहेत. उंच इमारतींच्या मधोमध अरुंद गल्ल्यांची, मंदिरासमोर पार असलेली जी वस्ती दिसते, ते जुने गावठाण. घरे राहिली, शेते गेली.

शहर उभारणीचे अर्थशास्त्र व्यापाऱ्याला सहज समजेल असे होते. सिडको ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली, संपूर्णपणे राज्य शासनाच्या मालकीची कंपनी. शेतजमीन संपादित करायची, तीवर रस्ते, पाणी, गटारे करायची आणि विकसित भूखंड विकून येणाऱ्या पैशातून पुढचे काम चालवायचे. म्हणजे जमीन हेच भांडवल. खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांमधल्या फरकावर शहर उभे राहणार होते. हा फरक कोणाच्या खात्यातून आला, हा प्रश्न पुढे उठणे अटळ होते.

दाणाबंदराहून तुर्भ्याकडे

वाशीहून तुर्भ्याकडे वळले की कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार लागते. पहाटेपासून मालमोटारींची रांग, हमालांची लगबग आणि मसाल्याचा दरवळ येथे असतो. आपल्या समाजातील किती तरी पेढ्या मशीद बंदर, दाणाबंदर, भात बाजार येथून या आवारात आल्या. प्रथम कांदा-बटाट्याचा बाजार आला. पुढे मसाला, धान्य आणि १९९०च्या दशकात भायखळ्याची भाजी व क्रॉफर्ड मार्केटची फळेही येथे आली. पिढीजात जागा सोडणे कोणालाच सोपे नव्हते.

घटनेच्या दृष्टीने पाहिले तर कोणताही व्यवसाय वा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ ने नागरिकास दिले आहे. त्याच अनुच्छेदात सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकार शासनालाही दिला आहे. शेतमालाचा व्यापार ठरावीक आवारात, परवान्यानेच करावा, असा मद्रास राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली वैध ठरविला, तो याच आधारावर. बाजार आणि जमीन हे मुख्यत्वे राज्याच्या अखत्यारीतील विषय आहेत. अमेरिकेप्रमाणे आपणही सत्ता केंद्र आणि राज्ये यांत वाटली आहे. वाचकांस येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते : घटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि राज्यांच्या कारभाराविषयीच्या सहाव्या भागाच्या आरंभी भगवान महावीरांचे चित्र आहे.

दुसरी एक गोष्ट व्यवहारातली. नवी मुंबईत सिडकोने दिलेले भूखंड सामान्यतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. इमारत आपली, गाळा आपला. जमीन मात्र पट्ट्याची. म्हणूनच विक्रीच्या वेळी सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क आड येते. ज्याच्याकडून जमीन घेतली तो शेतकरी आणि ज्याला ती पट्ट्याने मिळाली तो व्यापारी, दोघांचेही व्यवहार शासनाशीच. दोघांचे संरक्षणही एकाच घटनेत आहे.

बेलापूर : नेमलेले आणि निवडलेले

पाम बीच मार्गाने बेलापूरला आले की सिडको भवन आणि महानगरपालिकेचे मुख्यालय ही दोन्ही कार्यालये एकाच दिवसात पाहता येतात. पहिल्या कार्यालयातील अधिकारी शासन नेमते. दुसऱ्यातील नगरसेवक आपण निवडतो. महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून काम करू लागली आणि तिची पहिली निवडणूक १९९५ साली झाली. तोपर्यंत गावांत ग्रामपंचायती होत्या, पण शहराचा आराखडा आणि भूखंडाचे वाटप ठरविणाऱ्यांना मतदाराने निवडलेले नव्हते.

प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ही अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याची घोषणा आपण शाळेत शिकलो. तिचा अर्थ एवढाच की ज्याच्यावर निर्णयाचा भार पडतो, त्याला निर्णयात वाटा हवा. हा वाटा एकदा मिळाला म्हणजे कायम राहतो असेही नाही. २०२० साली नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढे कित्येक वर्षे या शहराचा कारभार प्रशासकाच्याच हाती होता.

दोन घटना, एक कसोटी

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे अमेरिकेची घटना लिहिली गेली. कायदा करणारे, तो राबविणारे आणि न्याय देणारे असे तीन हात वेगळे ठेवण्यात आले. कारण एकाच हातात सर्व सत्ता आली की जुलूम होतो, हा अनुभव ताजा होता. नागरिकांच्या हक्कांची सनद १७९१ साली जोडली गेली. तिच्यातील पाचव्या दुरुस्तीचा आशय असा की, न्याय्य मोबदला दिल्याशिवाय खासगी मालमत्ता सार्वजनिक वापरासाठी घेता येणार नाही. शासनाची सत्ता मान्य केली, पण तिला दोन अटी घातल्या : हेतू सार्वजनिक हवा आणि किंमत न्याय्य हवी.

आपल्या घटनेत १९५० साली मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. जमीनदारी संपवून कुळांना जमीन देण्याचे काम त्यामुळे अडते असे शासनाला वाटले आणि दुरुस्त्या होत गेल्या. १९७१च्या पंचविसाव्या दुरुस्तीने संपादनाच्या अनुच्छेदातील 'मोबदला' हा शब्द काढून तेथे 'रक्कम' हा शब्द घातला. मोबदला म्हटला की तो पुरेसा आहे का, हा प्रश्न येतो. रकमेला तो प्रश्न लागत नाही. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात, ज्याच्या मुळाशी केरळचा जमीन कायदाच होता, सात विरुद्ध सहा अशा मतांनी न्यायालयाने सांगितले की संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. शेवटी १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला आणि अनुच्छेद ३००-क मध्ये ठेवला : कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही.

नवी मुंबईच्या जमिनींच्या अधिसूचना १९७०च्या आरंभी निघाल्या, म्हणजे घटनेतील हे शब्द बदलत असण्याच्याच काळात. १८९४च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याप्रमाणे भाव धरायचा तो अधिसूचनेच्या दिवसाचा. निवाडे मात्र वर्षानुवर्षे लांबले. आज भाव ठरवायचा, माल अडकवून ठेवायचा आणि हिशेब दहा-बारा वर्षांनी त्याच भावाने करायचा, असा सौदा आपल्यापैकी कोणी मान्य केला असता काय?

दास्तान फाटा

बेलापूरहून उरणच्या दिशेने गेले की जासई गाव येते. दि. बा. पाटील यांचा जन्म १९२६ साली याच गावी झाला. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते अनेकदा विधानसभेवर आणि दोनदा लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी मोबदल्यासाठी लढा उभारला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि पागोटे येथे पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. दर वर्षी जानेवारीत येथे त्यांना अभिवादन केले जाते.

शांततेने एकत्र जमणे आणि शासनाकडे गाऱ्हाणे मांडणे हा हक्क अमेरिकेच्या पहिल्या दुरुस्तीत आहे. निःशस्त्र व शांततापूर्वक जमण्याचा हक्क आपल्या अनुच्छेद १९ मध्येही आहे. त्या हक्काची किंमत येथे जिवाने मोजली गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्राने भूसंपादन कायदा सुधारला. सक्तीच्या संपादनाबद्दलची जादा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली आणि निवाडा दोन वर्षांत देण्याचे बंधन आले. १९९० साली राज्य शासनाने साडेबारा टक्के योजना काढली : संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत. प्रत्यक्षात त्यातलाही काही भाग सार्वजनिक सोयींसाठी वजा होतो. पण शहराच्या वाढत्या किमतीत मूळ मालकाचा वाटा असावा, हे तत्त्व येथे मान्य झाले. 'साडेबारा टक्क्यांचा भूखंड' हा शब्द जमिनीच्या बाजारात आपण सहज वापरतो. त्यामागे दास्तान फाटा आहे, हे विसरू नये.

जवळच उलवे परिसरात नवा विमानतळ उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी दहा गावे उठवावी लागली. तेथे जमिनीच्या मोबदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याचे ठरले. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास, पुनर्वसन आणि १०० टक्के जादा रक्कम यांची तरतूद केली.

नोटीस आपल्या दारी आली तर

अमेरिकेत सारे आलबेल आहे असे समजू नये. कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन येथे खासगी विकासासाठी राहती घरे घेण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पाच विरुद्ध चार मतांनी परवानगी दिली. लोकांत संताप उसळला आणि चाळीसहून अधिक राज्यांनी आपले कायदे बदलले. ज्या जागेसाठी घरे गेली ती पुढे वर्षानुवर्षे रिकामीच पडून होती. घटना उत्तम असली तरी जागरूक नागरिकाची गरज संपत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात अनुच्छेद ३००-क चा अर्थ उलगडून सात गोष्टी सांगितल्या. संपादनाची सूचना मिळाली पाहिजे. हरकत ऐकून घेतली पाहिजे. कारणांसह निर्णय कळविला पाहिजे. हेतू सार्वजनिक असला पाहिजे. योग्य मोबदला वा पुनर्वसन मिळाले पाहिजे. प्रक्रिया वेळेत झाली पाहिजे. आणि ती मध्येच न सोडता ताबा घेईपर्यंत पुरी केली पाहिजे. रस्तारुंदीत दुकानाचा ओटा जावो, वखार जावो की गावाकडचे शेत जावो, हे सात प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. सूचनेवरील तारीख पाहावी, हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, कागद जपून ठेवावेत. मूलभूत हक्क नसल्याने केवळ मालमत्तेसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. पण अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे.

हिशेबाची सवय आपल्याला पिढ्यांची आहे. खातेवहीत जमा लिहिताना ती कोणाकडून आली हे आपण लिहितोच. नवी मुंबईने आपल्याला बाजार, घरे, शाळा आणि स्थैर्य दिले. त्या जमेसमोर ९५ गावांचे नाव आहे. तेव्हा पुढच्या सुटीत मुलांना घेऊन एकदा जासईला जावे. हुतात्म्यांची नावे त्यांना वाचून दाखवावीत, आणि तुर्भ्याच्या आपल्या गाळ्याची जमीन पूर्वी कोणाची होती, हे गावातल्या एखाद्या वृद्धाला नम्रपणे विचारावे.